सतरावा मुनारा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी ‘सचोटीचा कारकून’ म्हणून माझा गौरव केला, तेव्हाही मी मान खाली घालून हार घालून घेतला. आता वय झालं. टाळायला फार दिवस उरलेले नाहीत.

गोष्ट एका माणसाची आहे. कुणी काही खोदून विचारलं, की तो उजव्या पायातली टायरची चप्पल काढायचा, तळवा समोर धरायचा आणि म्हणायचा, “मले काय इचारता? पायाले इचारा.” त्या तळव्यावर उन्हाळ्यात आटलेल्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, तळासारख्या भेगा होत्या.

तो साकोलीकडच्या आमच्या रेंज ऑफिसात नाकेदार होता, म्हणजे जंगलाचा राखणदार. गाव एकोडी. मी त्याच ऑफिसात बाबू होतो. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील.

सरकारी जंगलाची हद्द डोंगराच्या कण्यावरून गेली होती. एकामागे एक सात माथे, आणि त्यांवर दगड रचून केलेले हद्दीच्या खुणेचे एकतीस मुनारे. नाकेदारानं दर उन्हाळ्यात ते एकेक करून पाहायचे, पडलेले पुन्हा रचायचे, चुना लावायचा आणि डायरीत नोंद करायची, असा नियम होता. रीत वेगळी होती. रस्त्यावरून दिसणारे तीन मुनारे पांढरे करायचे, बाकीचे घरी बसून डायरीत तपासायचे. साहेबही जीपमधून तेच तीन पाहायचे आणि ‘ठीक’ असा शेरा मारायचे. तुम्ही कुठल्याही खात्यात नोकरी केली असेल, तर तुम्हाला यात नवल वाटणार नाही.

हा एकटा माणूस खरोखर चालायचा.

भंडाऱ्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात. पण मे महिन्यात त्या कण्यावर चिमणीला पुरेल एवढंही पाणी नसे. सागाची पानं झडलेली, खाली काळा कातळ तव्यासारखा. प्रत्येक माथा चढायचा, पलीकडच्या घळीत पार खाली उतरायचं, पुन्हा नवा माथा. हा पहाटे निघायचा. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, खांद्याला पाण्याचा तुंबा, हातात चुन्याचं डबडं. सोबत कुणी नाही.

“एकटा काहून जाता?” मी एकदा विचारलं.

“दुसरा आला का तो बसते, बाबूजी. तो बसला का मीबी बसतो.”

वाटेत एकदा अस्वल आडवं आलं होतं. ती हकिगत तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. “त्याले म्हटलं, सरकारी काम हाये, बाजूले हो. झालं ना बाजूले. आपल्या साहेबापेक्षा समजदार होतं.”

हे वाक्य साहेबांपर्यंत पोचलं असणार. अशी वाक्यं आमच्या ऑफिसात फार लवकर पोचत.

त्या वर्षी त्यानं डायरीत लिहिलं : ‘मुनारा क्रमांक सतरा जागेवर नाही.’ पलीकडच्या उतारावर एका ठेकेदाराची तोड चालू होती. कुणीतरी सतरावा मुनारा उचलून बराच आत नेऊन रचला होता आणि मधला सगळा साग हद्दीबाहेर गेला होता. ठेकेदाराचं साहेबांच्या बंगल्यावर येणं-जाणं होतं. एवढं सांगितलं की पुरे.

साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. “मे महिन्यात ती रांग एका दिवसात कुणी चालू शकत नाही. तू घरी बसून लिहिलंस. खोटी डायरी म्हणजे नोकरी जाते, ठाऊक आहे ना? तुम्हा लोकांना नोकऱ्या दिल्या की असंच होतं.”

‘तुम्हा लोकांना’ म्हणजे काय, ते आम्हां सगळ्यांना कळलं. त्याच्या बापानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता.

तो हसला. “नोकरी मले तुमी नाही देल्ली, साहेब. मी परीक्षा देल्ली. आन् चालत नाही म्हनता, तं पुन्हा चालतो. उद्याच. शेवटच्या मुनाऱ्यावर कोनालेबी बसवा.”

“कुणाला बसवू?”

“या बाबूजीले बसवा. ते लिहतीन ते मले मंजूर.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकतिसाव्या मुनाऱ्याशी जाऊन बसलो. जवळ घड्याळ, वही आणि पाण्याची सुरई. ऊन असं, की पेन हातात धरवेना. चार वाजून गेले. मनात आलं, हा कुठंतरी पडला. मग शेवटच्या माथ्यावर एक ठिपका हलला. तो खाली उतरताना मी पाहिला. धावत नव्हता, लंगडत होता; एका चपलेचा पट्टा तुटला होता आणि ती त्यानं दुपट्ट्याच्या चिंधीनं पायाला बांधली होती. ओठ फुटले होते.

“टाइम लिहा, बाबूजी,” हे पहिलं वाक्य. मग पाणी मागितलं.

मी सुरई त्याच्या ओंजळीत रिकामी केली. पाच वाजून दहा मिनिटं, असं वहीत लिहिलं. सूर्य चांगला वर होता.

“सगळ्या मुनाऱ्यावर गेरूचं बोट वढलं हाये,” तो म्हणाला. “पाहाचं असन त्यानं वर जावं.”

सकाळी साहेबांनी वही मागवली, ते पान फाडलं आणि कोरं पान पुढे सरकवलं. “तुम्ही चार वाजता निघालात. तोवर तो आला नव्हता. लिहा.” मला कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर, सहीवाचून पडला होता. त्या कागदावर ते फक्त हात ठेवून बसले.

मी लिहिलं.

चौकशी बसली. गेरूच्या खुणा पाहायला वर जावं, असं त्यानं तीनदा सांगितलं. जायला कुणी तयार नव्हतं. चौकशी करणारे अधिकारी तर जीपमधून उतरतानाही शिपायाचा हात धरत. शेवटी साक्षीदाराला काही विचारायचं आहे का, असं त्याला म्हणाले. तो माझ्याकडे वळला.

“बाबूजी, तुमी मले पानी पाजलं का नाही?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यानं खाकी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि साहेबांना म्हणाला, “टोपी ठेवा. पहाड तं तुमाले नेता येत नाही.” आणि ताठ चालत निघून गेला.

त्याला काढून टाकलं. मी कायम झालो.

पुढच्या मे महिन्यात गुराख्यांनी बातमी आणली, की नाकेदार पुन्हा कण्यावर गेला होता. नोकरी नाही, डायरी नाही. सतराव्या मुनाऱ्याच्या मूळ जागी त्यानं एकट्यानं दगड रचले आणि पांढरा चुना फासला. ठेकेदाराच्या माणसांनी ते पाडले. त्यापुढच्या उन्हाळ्यात त्यानं पुन्हा रचले. असं कित्येक वर्षं चाललं. एका वर्षी तर भंडाऱ्याहून आलेल्या नव्या साहेबानं दुर्बिणीतून तो ठिपका पाहून मला विचारलं, “तिथं वर कोण आहे?”

“कुणी वेडा असेल,” मी म्हणालो. हेही लिहून ठेवतो.

पुढे पवनीच्या बाजारात तो एकदा समोर आला. केस पिकले होते. मी वाट बदलणार, तोच त्यानं हाक मारली, “काय बाबूजी, तब्येत-पानी बरी ना?” मी धानाचा भाव विचारला. त्यानं सांगितला. बस.

निवृत्त झाल्यावर मी एकोडीला गेलो. तो आदल्या वर्षीच वारला होता. त्याची बायको अंगणात धान वाळवत होती. तिनं खाट टाकली, कुठून आलात विचारलं.

“जंगल खात्यात होतो,” मी म्हणालो.

“मंग तुमाले तो बाबू मालूम असन. हे म्हनत, एक ना एक दिवस तो येइन, त्याले बसवजा. आला नाही. जिता तरी हाये का?”

“असेल,” मी म्हणालो. “भेटला तर सांगतो.”

आणि उठलो. बसथांब्यापर्यंतची सगळी वाट मी एकच वाक्य पुटपुटत होतो : बाई, तो बाबू मीच, मला माफ करा.