गुच्छावरचं प्लॅस्टिक
आंबलेल्या गुळाचा वास आला की मला वर्ध्याच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवते आणि तोंड कडू होतं. जनुकं बदललेल्या जिवाणूंना गुळाचं पाणी पाजून आम्ही मातीत विरणारं प्लॅस्टिक बनवत होतो. वर्षभर खपून हाती आला तो नखाएवढा, पिवळट, ठिसूळ तुकडा. वर्षभरात एकदाही प्रयोगशाळेकडे न फिरकलेल्या विभागप्रमुखांनी आमचं काम पाहायला बाहेरचे पाहुणे यायच्या सकाळी तो पाहून नाक मुरडलं. "हे काय दाखवू? पाहुण्यांले दिसलं तं पाह्यजे!" म्हणत त्यांनी स्वागताच्या गुच्छावरचं चकचकीत प्लॅस्टिक कात्रीने कापलं आणि 'आमच्या जिवाणूंची निर्मिती' म्हणून तेच पाहुण्यांच्या हस्ते कुंडीत पुरलं. बागकाम करणाऱ्या मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "काऊन वो ताई, हे तं गुच्छावरचं व्हय ना?" मी त्यांना गप्प केलं आणि भेकडासारख्या टाळ्या वाजवल्या. सगळे गेल्यावर माझा तुकडाही त्याच कुंडीत पुरला. परवा कॉलेजात गेले, तर कुंडी अजून तिथेच होती. सरांचा तुकडा मातीतून डोकं काढून ऐटीत चमकत होता. माझा शोधायला बोटं खुपसली, तर हाताला नुसती माती लागली.