झालं-डब्याच्या मॅडम

डब्याच्या मॅडम कोणालाच हाक मारत नसत. उठून जवळ जात, समोर बसत, मग हळू बोलत. जाम गावात हमरस्त्यालगत स्वमग्न मुलांचा त्यांचा वर्ग होता आणि माझी नात तारा तिथे जाई. मी तेव्हा अवघी अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता. पहिल्याच दिवशी हातभर बांगड्या घालून वर्गात मागे बसले आणि "तारा, मॅडमले नमस्ते कर बेटा" हा माझा रेडिओ सुरू. मॅडम माझ्यासमोर येऊन बसल्या. "आजी, बांगड्या पर्समध्ये ठेवता का? पोरं काम करून राह्यली." मी दोन दिवस फुगून होते.

भिंतीवर प्रत्येक मुलाची, जाड पुठ्ठ्यावरच्या चित्रांची पट्टी असे. मणी, पाणी, झोका, घर. काम संपलं की त्याचं चित्र काढून पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि म्हणायचं, "झालं." तारा एरवी बोलतच नसे, हा शब्द मात्र चुकवत नसे. चित्र डब्यात पडेपर्यंत तिच्या लेखी काम सुरूच.

एका सकाळी ती मण्यांचं चित्र घेऊन डब्याकडे निघाली होती, तेवढ्यात शेजारच्या वरातीत फटाक्यांची लड लागली. चित्र खाली पडलं, तारा बाहेर. फाटक कोणीतरी उघडंच टाकलं होतं. आम्ही पोचलो तर ती रस्त्याच्या कडेला उभी, ट्रकच्या चाकांकडे बघत हात फडफडवत.

मी तोंड उघडलं. मॅडमनी माझं मनगट धरलं.

"हाक नका मारू. धावू पण नका. ती पुढं पळन."

त्या फाटकात मातीत बसल्या. एका हातात डबा, दुसऱ्यात ते चित्र. डब्यावर चित्राची कड वाजवली, एकदाच. ट्रक गेला, ताराचा फ्रॉक उडाला. पुन्हा एकदा वाजवली. तारानं वळून पाहिलं. चाकांकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. मग आली, चित्र घेतलं, आत टाकलं.

"झालं."

तेव्हा कुठे मॅडमनी तिला धरलं. मग उठून आधी फाटकाची कडी लावली.

यंदा नवऱ्याच्या बदलीमुळे मॅडम अमरावतीला गेल्या. तारा कोलमडेल म्हणून मी आठवडाभर जेवले नव्हते. मॅडमनी तिच्या पट्टीवर स्वतःचा फोटो लावला होता. शेवटच्या दिवशी तारानं तो काढला, जरा वेळ पाहिला, डब्यात टाकला. "झालं," म्हणाली आणि झोक्याकडे गेली.

मॅडम उठून माझ्याजवळ आल्या, समोर बसल्या. "आजी, तुमची पट्टी बनवायची राह्यलीच."

बांगड्या पर्समध्येच होत्या. मी डोळे पुसले, तरी आवाज झाला नाही.