न घेतलेलं बीपी

वडील गेल्याच्या नवव्या दिवशी गोंदियाला माझी मुलाखत होती. नर्सिंगचा निकाल लागून, नोंदणी होऊन तीन महिने झाले होते आणि एका खासगी दवाखान्यानं पहिल्यांदाच बोलावलं होतं. त्या सकाळी मी केसांना तेल लावायला बसले, तशी आत्यानं बाटली हातातून ओढून घेतली.

"बाप जाऊन दहा दिस नाही झाले अन् तू तेल लावून राहिली? लाज नाही वाटत काऊन वं तुले?"

"विस्कटलेल्या केसांनी कोणी नर्स म्हणून घेत नाही, आत्या."

"नको घेऊ दे. बापाले वाचवता नाही आलं, लोकायले का वाचवशीन?"

आमच्या घरी आजोबांनीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. सुतक, पिंड, केसांना तेल न लावणं हे सगळं वडिलांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. आत्या त्यांची सख्खी बहीण, पण प्रत्येक मरणाला ती ते पुन्हा आत घेऊन यायची. त्या दिवशी मला तिचा राग आला तो मात्र रूढीमुळे नव्हे. तिचं शेवटचं वाक्य खरं होतं आणि किती खरं होतं हे तिला माहीत नव्हतं.

वडील इटियाडोहच्या कालव्यावर पाटकरी होते. शेतांना पाणी सोडायचं आणि पाण्याची पातळी वहीत लिहायची. पट्टीवरचा आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी कधी लिहिला नाही. साहेबाला केशोरीच्या ऑफिसात बसून काय कळणार होतं? तरी ते सायकल काढून जायचे. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. हात बसावा म्हणून मी रोज सकाळी त्यांचं बीपी घ्यायचे आणि एका वहीत लिहून ठेवायचे. मी यंत्र हातात घेण्याआधीच ते डावी बाही वर सारून खाटेवर बसलेले असत.

मग मुलाखतीचं पत्र आलं. मैत्रिणींनी सांगितलं, नर्स का व्हायचं असं विचारलं की 'सेवा' म्हणायचं. मी उत्तरं पाठ करू लागले, औषधांची मात्रा पाठ करू लागले. सकाळी वडील बाही सारून बसले की मी म्हणायचे, "राहू द्या बाबा, कालच्यासारखंच असेल." आणि लिहायचे, एकशे तीस, ऐंशी. असं सलग पाच दिवस.

हे मी प्रशिक्षणात शिकले होते. तीस खाटांना आम्ही दोघी विद्यार्थिनी. रात्रपाळीच्या तक्त्यातला ताप सकाळच्या रकान्यात उतरवायचा, संशय नको म्हणून एखादा पॉइंट वरखाली करायचा. याला कोणी खोटं म्हणत नसे. याला तक्ता भरणं म्हणत.

सहाव्या दिवशी वडील कालव्याच्या दाराशी कोसळले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बीपी किती राहत होतं?" मी वही पुढे केली. त्यांनी शेवटच्या ओळी पाहिल्या. "कालही एकशे तीस?" मी हो म्हणाले. वडील त्या रात्रीच गेले. खरा आकडा माहीत असता तर वाचले असते असं मी म्हणत नाही. तो आकडा आता कोणालाच माहीत होणार नाही, एवढंच.

केस पाण्यानं चापून मी निघाले. गोंदियाच्या दवाखान्यात मुलाखतीला आम्ही आठ मुली होतो. मेट्रननं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घर में शीशा नहीं है क्या?" बाकीच्या हसल्या. मी घरात काय झालं ते सांगितलं नाही. तिला माझी दया येण्याची कल्पना मला तिच्या टोमण्यापेक्षा जास्त नकोशी होती.

प्रात्यक्षिकासाठी दवाखान्याच्या म्हाताऱ्या चौकीदाराला खाटेवर झोपवलं होतं. एकेकीनं त्याचं बीपी घ्यायचं आणि एकाच कागदावर खाली खाली लिहायचं. माझा नंबर शेवटचा. कागदावर सात नावं आणि सातही वेळा एकशे वीस, ऐंशी.

मी पट्टा बांधला, फुगवला. काटा चढता चढताच खाली घसरू लागला. पुन्हा बांधला. तिसऱ्यांदाही तेच. यंत्रातून हवा जात होती.

"लिख दे बेटी," चौकीदार पुटपुटला. "सब यही लिख के गई."

आठवी ओळ रिकामी होती. एकशे वीस, ऐंशी लिहायला मला दोन सेकंद लागले असते आणि नोकरी मिळाली असती. मी लिहिलं, 'यंत्रातून हवा जाते. बीपी घेता आलं नाही.' खाली सही केली.

मेट्रननं ते वाचलं. "सात लड़कियों को आया, तुमको ही नहीं आया?"

"नाही आलं, मॅडम."

"मशीन की शिकायत करने आई हो?"

तिनं स्वतः पट्टा बांधून फुगवला. काटा घसरला. तिचा चेहरा जरासुद्धा नरमला नाही. यंत्र तिनं ट्रेमध्ये आदळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवार, सुबह सात बजे. बाल बाँध के आना. और जुबान कम चलाना."

बाहेर एका मुलीनं मला अडवलं. "लय शहाणी हायेस. आमचं कायले वाटोळं केलं?"

मी बाजूनं निघून गेले. त्यांच्यापेक्षा मी चांगली नव्हते. त्यांनी एका धडधाकट माणसाचा आकडा ठोकून दिला होता.

घरी पोचले तेव्हा आत्या ओसरीत बसली होती. "लागली नौकरी?"

"लागली."

"बापाच्या मयतीवर."

मी वही काढली आणि तिच्यासमोरच बसले. चुकीची नोंद पुसायची नसते, हे आम्हाला शिकवलेलं. वर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. मी पाच रेघा मारल्या, पाच सह्या केल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, 'घेतलं नाही.'

"हे का लिहून राहिली?" आत्यानं विचारलं. तिला वाचता येत नाही.

मी तिला सगळं वाचून दाखवलं, तारखांसकट. डॉक्टरांना काय सांगितलं होतं तेही.  मग ती उठून आतल्या खोलीत गेली. सोमवारी पहाटे मी केस बांधून निघाले तेव्हाही ती बाहेर आली नाही.