पाहुण्यांसाठी काढलेलं सोनं

सुहासिनीबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवले. विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात बत्तीस वर्षं होत्या. सही राहिली, दाखल्याची झेरॉक्स अंधुक आली, की अर्ज परत. विधवा बायका समोर रडायच्या, आणि बाई त्यांना पाणी देऊन, कुठला कागद कमी आहे ते नीट अक्षरात लिहून द्यायच्या. त्यांच्या मते हीच माणुसकी. अर्ज पूर्ण भरलेला आणि खरा असेल तर तो नाकारला जाऊच शकत नाही, असं त्या ठामपणे सांगत. मी हसायचो. मला अर्जांचा नाही, पण अहवालांचा अनुभव होता.

मी रवींद्र. डोंबिवलीत त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो. एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात मी लॅबमध्ये होतो. आम्ही नाल्यात सोडायचो त्या पाण्याच्या तपासणीवर माझी सही असायची. पाणी कसं असायचं ते नाल्याकाठच्या कुत्र्यालाही कळत होतं, पण माझ्या कागदावर ते कायम मर्यादेत असायचं. ते पाणी पुढे खाडीला मिळायचं. त्या खाडीत सावरबेट नावाचं कोळ्यांचं गाव आहे, आणि तिथली मासळी नोकरी असेपर्यंत मी घरात येऊ दिली नाही. निवृत्तीनंतर बाईंनी मला त्यांच्या ट्रस्टवर विश्वस्त म्हणून ओढलं, तेव्हा मी नाही म्हणालो नाही, त्याचं कारण हे आहे. बाईंना ते मी कधी सांगितलेलं नाही.

ट्रस्ट म्हणजे आम्ही चार म्हातारे. काम एकच. सावरबेटावर एका खोलीचा दवाखाना, तिथे आठवड्यातून तीन दिवस जाणारी मेघाली नर्स, आणि पेशंटला डोंबिवलीच्या बंदरावर आणायला एक इंजिनाची होडी. गावातून आमचे टॉवर दिसतात, रात्री त्यांचे दिवेही दिसतात, पण मध्ये पाणी आहे आणि पूल नाही. होडी चालवायचा भिवाजी. साठीचा, आडदांड, ब्लडप्रेशर कायम चढलेलं. गोळी घ्यायचा कंटाळा. मेघाली त्याच्या दंडाला पट्टा बांधून सगळ्यांसमोर आकडा मोठ्याने वाचून दाखवायची आणि त्याची बायको जनाबाई वर आणखी सुनवायची. त्या दोघींच्या धाकाने तो गोळ्या खात होता. दवाखान्याचा खरा उपयोग तेवढाच होता, कोणीतरी दर आठवड्याला रागावणारं असणं.

तीन वर्षं हे सगळं एका देणगीदाराच्या पैशावर चाललं. मग त्याने कळवलं की मार्चनंतर आपण मुलींच्या कोडिंग शिक्षणाकडे वळतो आहोत. मार्च संपायच्या आत दुसरा कोणी मिळाला नाही, तर दवाखाना बंद.

बाई कामाला लागल्या. सहा महिन्यांत त्यांनी चौदा ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी कळलं की डोंबिवलीच्या इतकं जवळ असलेलं गाव ग्रामीण धरता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी कळलं की ते महापालिकेत नाही म्हणून शहरी धरता येत नाही. एका मोठ्या संस्थेने नकाशा पाठवून विचारलं, गावापासून हॉस्पिटल अडीच किलोमीटरवर असताना नर्स कशाला हवी? बाईंनी त्यांना उत्तरात भरती-ओहोटीचं कोष्टक जोडून पाठवलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कोष्टक पाठवून काय उपयोग, असं मी म्हणालो. बाई म्हणाल्या, त्यांना माहिती कमी आहे रवींद्र, वाईट नाहीत ते.

शेवटी ठाण्याला घोडबंदर रोडवर एका कंपनीच्या सीएसआर विभागाने बोलावलं. आम्ही रिक्षाने गेलो, शीळफाट्याला पाऊण तास अडकलो, तरी बाईंनी मांडीवरची फाइल एकदाही खाली ठेवली नाही. तिथे अनिमेष नावाचा मुलगा भेटला. नम्र होता. उठून उभा राहिला, पाणी विचारलं, बाईंचा अर्ज पानन्‌पान वाचला होता. म्हणाला, इतका स्वच्छ अर्ज मी पाहिलेला नाही, आता फक्त एक व्हिजिट करून गरज तपासायची. परत येताना बाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता. मीसुद्धा त्या दिवशी टोमणा मारला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सावरबेटावर गेलो आणि बाईंनी जनाबाईला दवाखान्याच्या ओट्यावर बसवून सांगितलं, मोठे पाहुणे येणार आहेत, गाव नीटनेटकं दिसू दे, सुकट आणि जाळी बाजूला काढा, चांगले कपडे घाला, आपली लाज तुमच्या हातात आहे. मी शेजारीच होतो. मला त्यात काहीच खटकलं नाही. आमच्या घरी पाहुणे आले की आम्ही हेच करतो, चादरी बदलतो, कपबशा वरच्या काढतो.

जनाबाईने ते शब्द जसेच्या तसे मनावर घेतले. पाहुणा आला आणि बाईचा गळा रिकामा, ही कोळ्यांच्या घरात नामुष्की. हळदीला, नारळी पौर्णिमेला, पाहुण्याला सोनं निघतंच. जिच्याकडे आहे तिने घालायचं, जिच्याकडे नाही तिने मागून आणायचं, आणि जिला कोणी देत नाही तिने स्टेशनजवळच्या दुकानातून सोन्याचं पॉलिश केलेलं आणायचं. अनिमेष आला त्या सकाळी सावरबेटाच्या बंदरावर तीस बायका हिरव्या-जांभळ्या लुगड्यांत, डोक्यात अबोलीचे गजरे घालून उभ्या होत्या आणि गळ्यांत उन्हाने पिवळंधमक चमकत होतं. जनाबाईच्या स्वतःच्या दोन पाटल्या खऱ्या होत्या. बाकी गावात खरं सोनं मूठभरही नव्हतं. अनिमेषला ते कोण सांगणार, आणि त्याने विचारलंही नाही. खाडीत जिताडा मासा आता मिळत नाही, म्हणून त्याला भाऊच्या धक्क्यावरून आणलेला जिताडा वाढला, चिंबोऱ्या वाढल्या, तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. तो पोटभर जेवला, सगळ्यांना नमस्कार केला. बाई मला हळूच म्हणाल्या, झालं आपलं काम.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. गावात स्वच्छता चांगली. घरं पक्की. महिलांच्या अंगावर लक्षणीय सुवर्णालंकार. समुदाय आर्थिकदृष्ट्या सक्षम वाटतो, त्यामुळे गरज सिद्ध होत नाही. खाली अनिमेषची सही आणि शुभेच्छा.

बाईंनी ठाण्याला फोन लावला आणि सोन्याचं सगळं समजावलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, मी तुमच्यावर डाउट नाही घेत. पण मी जे पाहिलं तेच मला लिहावं लागतं ना." बाईंनी फोन ठेवला. बत्तीस वर्षं त्यांनीही लोकांना हेच सांगितलं होतं.

एकतीस मार्चला दवाखान्याला कुलूप लागलं. मेघालीला कल्याणला खाजगी हॉस्पिटलात नोकरी मिळाली. होडीचं इंजिन जुन्या देणगीदाराच्या मालमत्तेत मोडत होतं. काम बंद झाल्यावर त्याचा वापर करायचा नाही, सुरक्षित ठेवायचं, असं करारात कलम होतं. मी बाईंना म्हणालो, राहू दे तिथेच, कोण बघायला येतंय. बाई म्हणाल्या, सही केलेली आहे आपण. भिवाजीने स्वतःच ते इंजिन काढून, पुसून, डोंबिवलीच्या बंदरावर टेम्पोत चढवून दिलं. आमच्या बिल्डिंगच्या मीटरच्या खोलीत ते ठेवलं आणि त्यावर माझ्या घरातली जुनी चादर मी माझ्या हाताने घातली.

बाई गोळ्या मात्र पदरमोड करून पाठवत राहिल्या. पण दंडाला पट्टा बांधून ओरडणारी मेघाली नव्हती. डोकं दुखत नाही तर गोळी कशाला, असं म्हणून भिवाजीने डबा फळीवर ठेवून दिला. जनाबाई एकटी किती भांडणार.

नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी, भर दुपारी, होडीला रंग लावताना तो ब्रश हातात धरूनच कलंडला. सणासाठी गावातल्या सगळ्या होड्या रंगवायला किनाऱ्यावर ओढलेल्या. पाण्यात एक छोटी वल्ह्याची होडी तेवढी होती. त्यात ओहोटी लागलेली, होडी मध्येच चिखलात रुतली. आमच्या इंजिनाने वीस मिनिटांत झालं असतं, त्याला अडीच तास लागले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण मेंदूतली गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ गेली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. जनाबाईच्या दोन पाटल्या त्या आठवड्यात हॉस्पिटलात गेल्या.

बाई मीटरच्या खोलीत जाऊन इंजिन बघून आल्या. मग वर जाऊन पंधरावा अर्ज लिहायला बसल्या. पुन्हा ठाण्याच्याच कंपनीला. मला राग आला. मी म्हणालो, लाज नाही वाटत तुम्हाला? त्या म्हणाल्या, "वाटते. म्हणूनच लिहितेय." माझ्याकडे न बघता त्यांनी नवीन पान घेतलं.

नोव्हेंबरात अनिमेष पुन्हा आला. या वेळी बाईंनी गावाला काहीही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. बंदरावर कोणी उभं नव्हतं. भिवाजी दारात खाटेवर पडलेला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ, त्यावर माश्या. जनाबाईच्या अंगावर विटकं लुगडं आणि गळ्यात काळी पोत. चहा काळा होता. अनिमेषने भिवाजीचा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, ते मी नाकारणार नाही. त्याने फोटो काढू का असं विचारलं, जनाबाईने मान हलवली. मग पदराने भिवाजीचं तोंड पुसायला ती वाकली, तर तो चटकन म्हणाला, राहू द्या, असंच राहू द्या.

निघताना जनाबाईने बाईंना थांबवलं. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"आता बसलो ना आमी तुमचे कागदान?"

बाईंनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला. जनाबाई आत निघून गेली.

मंजुरीचं पत्र आठ दिवसांत आलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि या घोड्यावर बसायला नवरदेवाचे पाय राहिले नव्हते. दवाखाना उघडला, नवी नर्स आली, आमचं इंजिन मीटरच्या खोलीतून निघालं. होडी आता दुसराच कोणी चालवतो.

सहा महिन्यांनी कंपनीचा अहवालाचा फॉर्म आला. त्यात शेवटी एक रकाना होता, यशोगाथा, दोनशे शब्द, लाभार्थीच्या फोटोसह. आयुष्यात एकही रकाना रिकामा न सोडलेल्या बाईंनी तो तसाच ठेवून फॉर्म पाठवला. अपूर्ण म्हणून तो परत आला. कुठे काय भरायचं ते सोबत नीट लिहून दिलं होतं, आणि ते भरेपर्यंत पुढचा हप्ता निघणार नव्हता.

रविवारी बाई यशोगाथा लिहिलेला कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि तो माझ्यासमोर ठेवला. मी वाचला. भिवाजी यांना पक्षाघात झाला होता. आपल्या सहकार्यामुळे आता त्यांना गावातच नियमित औषधं मिळतात. नर्स दर आठवड्याला त्यांचा रक्तदाब तपासते. आता ते आधाराने बसू शकतात. त्यांच्या पत्नी जनाबाई समाधान व्यक्त करतात.

मी विचारलं, जनाबाई असं म्हणाल्या? बाई म्हणाल्या, "मी विचारलं, बरं आहे ना आता? ती हो म्हणाली."

म्हणजे एकही शब्द खोटा नव्हता. मी नोकरीत खोट्या कागदांवर पुष्कळ सह्या केल्या होत्या. हा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत खरा होता, आणि माझी सही पडल्याशिवाय सावरबेटावर पुढच्या महिन्याच्या गोळ्या जाणार नव्हत्या. बाईंनी पेन पुढे केलं. विश्वस्ताच्या जागी मी सही केली.