चाक नसलेलं जहाज

विमानांच्या सरकारी कारखान्यात नोकरी केली, पण माझा जीव अडकला होता हवाई जहाजात. हेलियम भरलेला लांबोडका फुगा, खाली दोन छोट्या मोटारी. त्याला धावपट्टी लागत नाही, तरंगायला इंधन लागत नाही. पुरात रस्ता वाहून गेलेल्या गावावर हे औषधं घेऊन निवांत उभं राहील, असं मी बैठकीत सांगायचे आणि साहेबलोक हसायचे. "मॅडम, वाढदिवस कुणाचा?" अस्सा संताप यायचा! प्रकल्प गुंडाळला, मी निवृत्त झाले, पण डोक्यातून ते जाईना.

मग पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत ताडपत्र्या बनवणाऱ्या एका अण्णांच्या शेडचा कोपरा धरला. चिकपेटेच्या बाजारातून आणलेल्या कापडाचं पहिलं जहाज एका दिवसात मान टाकून बसलं. दुसऱ्याचे जोड आम्ही साबणाचा फेस लावून तपासले. बुडबुडा दिसला की पुन्हा चिकटवा. अण्णा त्यांच्या कानडी-मराठीत म्हणायचे, "स्वल्प, थोडं थांबा अक्का, जेवून घ्या." कसलं जेवण!

यजमान गेल्यापासून मुलाचा एकच धोशा: फ्लॅट विक, पुण्याला चल. शेवटी मी वैतागून म्हटलं, "पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन जहाज वर गेलं नाही, तर निमूट येते. गेलं, तर विषय बंद." तो लगेच "बरं" म्हणाला.

आनेकलजवळ नाचणी काढून मोकळ्या झालेल्या शेतात आम्ही सकाळी गॅस भरला. परवानगी दोरीला बांधून उडवण्याचीच होती. मुलगा पुण्याहून मुद्दाम आला होता. अण्णांनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि लिंबू हातात धरून अडले. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडायचं, ही इकडची रीत. ह्याला चाक कुठाय? "ठेवा, सरबत करू," मी म्हटलं. तोंडाने चेष्टा चालली होती, पण दोरीची गाठ मी तिसऱ्यांदा तपासत होते. हे बसलं तर मी पुण्यात नातवंडांच्या शाळेच्या बसची वाट बघत बसणार, मेलंच सगळं.

दोरी सैल केली. पिशवी उचलली गेली, डुलली आणि जहाज सरळ वर गेलं. नारळीच्या शेंड्यांवर जाऊन उभं राहिलं. मोटारी बंद केल्या तरी उभंच! मी ओरडले, रडलेसुद्धा.

मुलाने फोटो काढला. "मस्त! झाली ना हौस? आता सामान बांधू."

हौस! डोक्यात तिडीकच गेली. "ठरलं काय होतं?"

"अगं आई, ते आपलं असंच..."

मी दोरी त्याच्या हातात दिली. "धर. हे दमून खाली आलं की जाऊ पुण्याला."

अण्णांनी सरबत केलं. आम्ही दोघं बांधावर बसून प्यायलो. ऊन चढलं. मुलाने दोरी या हातातून त्या हातात घेतली, रुमाल गुंडाळून धरली. जहाज इंचभर खाली आलं नाही.

"आई, कधी उतरतं गं हे?"

"मी उतरवीन तेव्हा."