दामा नाखव्याचं इंजान

वल्ह्याचं पातं पाण्यात, दांडा कानाशी, डोळे मिटलेले. दामा नाखवा असा बसला की होडीत कोणी खोकायचंसुद्धा नाही. घोळ मासा पाण्याखाली गुरगुरतो, तो आवाज दांड्यातून वर चढतो. "गप रं, घोळ बोलतेय," असं म्हणून तो हात दाखवील तिकडे आम्ही जाळं टाकायचो. भरडखोलपासून श्रीवर्धनपर्यंत असा कान दुसरा नव्हता. माझाही नव्हता, आणि मी कोणाला सहजासहजी मोठं म्हणत नाही.

पण दामाला स्वतःला त्याचं काही नव्हतं. "कान काय कुनाला दिसतो? दारात दिसलं पायजे," हे त्याचं नेहमीचं बोलणं. तरुणपणी एका मासळीच्या व्यापाऱ्यानं त्याला ओट्याखाली उभं ठेवून, वरून बोलून परत पाठवलं होतं. ते त्याच्या पोटात राहिलं. मग घरावर मंगलोरी कौलं आली, दोन खुर्च्या आल्या. खुर्च्यांवर तो कोणाला बसू देईना, आपणही बसेना. त्याची बायको भागी म्हणायची, "बसायला मोठा मानूस पायजे म्हनं. हे सोतालाच मोठा मानत न्हायत!"

साठ सालाच्या आसपास होड्यांना इंजिनं आली. आमच्या बंदरात पहिलं दामानं बसवलं. दिलं त्याच व्यापाऱ्यानं, सगळी मासळी त्यालाच घालायच्या बोलीवर. इंजिनाच्या धडधडीत घोळ ऐकू येईना. मी म्हटलं, "दामा, घटकाभर बंद कर की."

"बंद केलं तर बाकीच्या होड्या काय म्हनतील? दाम्याचं इंजान बिघडलं!"

एवढ्यासाठी ते दिवसभर चालू. रिकामं जाळं घेऊन तो सगळ्यांच्या आधी बंदराला लागायचा.

दोन हंगामांत खलाशी सोडून गेले, इंजिनाच्या पैशांपोटी होडी व्यापाऱ्यानं नेली. मी तोवर स्वतःची शिडाची होडी घेतली होती; त्याच्या दारात गेलो. "माझ्या होडीवर ये. नाखवा तू, मी तुझ्या हाताखाली." हे मी जन्मात दुसऱ्या कोणाला म्हटलेलं नाही.

तो हसला. "शिडाच्या होडीवर? इंजानवाला मानूस मी. लोकं थुकतील."

"कोन लोकं? समदी वाट बघतायत तुझी, मेल्या!"

त्याला ते खरं वाटलं नाही. मुंबईच्या धक्क्यावर मासळीच्या पाट्या उचलायला गेला. तिथं त्याला ओळखणारं कोणी नव्हतं, म्हणूनच गेला.