देव्हाऱ्यातली राणी

स्मिताच्या सासरी लक्ष्मीची मूर्ती नव्हती, नाणं होतं. चांदीचं, बोटाच्या पेराएवढं, वर एका बाईचा मुखवटा. होळकरी फौजेतल्या कुणा पूर्वजाला मिळालेलं म्हणे. रोज त्याला रांगोळीनं घासणं, मग स्नान, मग हळदकुंकू. आणि हे घरच्या सुनेनंच करायचं, खाडा न करता. त्यामुळे लग्न झाल्यापासून स्मितानं बाहेर रात्र काढली नव्हती. जवळच्या बेटमा गावी बहिणीकडेसुद्धा सकाळी जाऊन दिवेलागणीला परत.

यंदा मात्र त्या बहिणीनं, शर्वरीनं, नर्मदा परिक्रमेच्या बसमध्ये दोघींची जागा धरली होती. "ताई, या खेपेला बहाना नको हं!" स्मिता म्हणाली, "बघते." आयुष्यभर ती हेच म्हणत आली होती.

अशात धाकटा दीर नंदू सियागंजच्या बाजारातून जुन्या नाण्यांच्या एका जाणकाराला घेऊन आला. त्यानं भिंग लावलं.

"वहिनीजी, ये लक्ष्मी नहीं है. ही इंग्लंडची ॲन राणी. तीनशे वर्षांपूर्वी तांब्याचं नाणं पाडायचं होतं, त्याचा नमुना चांदीत काढून पाहिला, तोच हा. फार दुर्मीळ. बाजारात कधी चाललाच नाही." मग हळहळला, "पण घासून घासून राणीचं नाक घालवलंत हो!"

"पूजा केली भिया, मारामारी नाही," स्मिता म्हणाली.

मन मात्र भलतीकडेच धावत होतं. देवी नाही, म्हणजे रोजची पूजा नाही. नंदूनं पलासियाच्या बँकेतल्या लॉकरची गोष्ट काढली, तेव्हा तर तिनं मनातल्या मनात पातळं पिशवीत भरलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी नाणं गेलं. सासूबाई रिकाम्या तबकाकडे बघत बसल्या. "राणी असली म्हणून काय झालं? इतक्या पिढ्यांनी हात जोडले, ते काय लॉकरात जातात?" मग वळून म्हणाल्या, "स्मिता, तुझं पोथ्यांचं वाचन पुष्कळ. मूर्ती घरात नसली तर काय करतात ग?"

"तिच्या जागी सुपारी मांडतात," स्मिता बोलून गेली. धर्माचं काही विचारलं की उत्तर तिच्या ओठांवरच असायचं. बोलल्यावर तिनं ते ओठ घट्ट मिटले.

"मग मांड की. रोजचं चुकायला नको."

तेवढ्यात शर्वरीचा फोन. "ताई, पक्कं करू ना?"

स्मितानं फोन खांद्यानं कानाशी धरला, तबकात तांदळाची रास केली, वर सुपारी ठेवली, हळदीचं बोट टेकवलं.

"तू जाऊन ये ग," ती म्हणाली. "देवी बसल्यात घरात."